ओपन सोर्स लायसन्समधलं पेटंटचं कलम: कॉपीराइटहून वेगळं काय?

उंबरठा (धागाकर्ता)

गेली सहा वर्षं मी एक छोटी लायब्ररी सांभाळतोय. ध्वनिफाइल वाचायची आणि दुसऱ्या फॉरमॅटमध्ये लिहून द्यायची, एवढंच तिचं काम. लायसन्स एमआयटी, म्हणजे कोड जवळपास विनाअट वापरू देणारं छोटंसं लायसन्स. सुरुवातीला मी एकटाच होतो, पुढे आणखी नऊ जणांचे पॅच (कोडमधले बदल) आले. मागच्या महिन्यात एका कंपनीतल्या माणसाने इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची नोंद) उघडला: लायब्ररी आम्हाला हवी आहे, पण आमच्या वकिलांना पेटंटचं स्पष्ट कलम असलेलं लायसन्स लागतं, तुम्ही अपाची २.० (तसं कलम असलेलं ओपन सोर्स लायसन्स) कराल का?

मला रागच आला. कोड मी स्वतः लिहिलाय, कुणाचं काही उचललेलं नाही, मग पेटंट मध्ये कुठून आलं? तसं उत्तरही लिहून टाकलं. त्यावर त्याने शांतपणे एकच ओळ लिहिली: "स्वतः लिहिलंय, हे कॉपीराइटच्या प्रश्नाचं उत्तर झालं. मी पेटंटबद्दल विचारलं होतं."

तेव्हापासून वाचतोय. कॉपीराइट आणि पेटंट ही एकाच झाडाची दोन फळं असावीत, असा माझा आजवर समज होता. आता तो डळमळलाय, पण त्याच्या जागी नीट काही बसलेलं नाही. मुख्य गोष्ट ही कळत नाही की माझ्याकडे एकही पेटंट नसताना माझ्या लायसन्समध्ये पेटंटचं कलम घालून मी कुणाला नक्की काय देतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

---

अर्धविराम

उंबरठा, त्या माणसाच्या एका ओळीत या विषयाची किल्ली आहे, तिथूनच सुरू करतो.

कॉपीराइट मांडणीवर असतो. तुम्ही जो कोड टाइप केलात, त्या कोडवर. तो टाइप होताच कॉपीराइट तुमचा होतो. अर्ज नाही, फी नाही, नोंदणी नाही. १८८६ च्या बर्न करारात १९०८ साली झालेल्या दुरुस्तीपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे, आणि कंप्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखं संरक्षण द्यायचं हे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने देशोदेशी पक्कं केलं. पेटंट असतं युक्तीवर. ती युक्ती तुम्ही कोणत्या भाषेत लिहिली, व्हेरिएबलला काय नाव दिलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, परीक्षक तो तपासतो, युक्ती नवी आहे आणि त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी नाही हे पटवावं लागतं, देशोदेशी वेगळी फी भरावी लागते. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतरही किमान ५० वर्षं चालतो.

यातली सीमारेषा जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन हा खटला झाला. सेल्डन यांनी हिशेब ठेवण्याची एक पद्धत पुस्तकात मांडली होती, बेकर त्याच धर्तीच्या हिशेबवह्या विकत होते. न्यायालय म्हणालं, पुस्तकातल्या लिखाणावर हक्क आहे. त्यात सांगितलेल्या पद्धतीवर हक्क हवा असेल तर तो पेटंटने मिळवायचा, कॉपीराइटने नव्हे. अल्गोरिदम आणि कोड यांच्यातला फरक आजही याच रेषेवर उभा आहे.

आता तुमच्या "स्वतः लिहिलंय" कडे येतो. आयबीएमच्या पीसीमधला बायोस (मशीन सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) कॉम्पॅक या प्रतिस्पर्धी कंपनीने पुन्हा लिहिला, तेव्हा दोन गट केले होते. एका गटाने मूळ बायोस वाचून तो काय करतो एवढंच लिहून काढलं, दुसऱ्याने मूळ कोड न बघता त्या टिपणांवरून नवा लिहिला. कॉपीराइटच्या दृष्टीने ही भिंत भक्कम होती, कारण स्वतंत्रपणे लिहिणं म्हणजे नक्कल नव्हे. पेटंटपुढे ही भिंत उभीच राहत नाही. तिथे नक्कल केली की नाही हा प्रश्नच विचारला जात नाही. तुमचा कोड पेटंटच्या दाव्यात (पेटंटमध्ये युक्तीची हद्द सांगणाऱ्या मजकुरात) लिहिलेल्या पायऱ्या करतो का, एवढंच बघतात.

---

दवबिंदू

म्हणजे मी कधीही न वाचलेल्या, अस्तित्वही माहीत नसलेल्या पेटंटचं उल्लंघन माझ्या हातून होऊ शकतं? आणि ते सुद्धा फुकट वाटलेल्या कोडमुळे?

---

अर्धविराम

हो, दोन्ही. फुकट वाटणं हा बचाव नाही. माहीत नसणंही नाही. फार तर भरपाईची रक्कम ठरवताना त्याचा विचार होतो. आणखी एक गोष्ट आहे, ती कॉपीराइटची सवय असलेल्यांच्या ध्यानात येत नाही. पुस्तक वाचल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, पण पेटंट घेतलेली गोष्ट नुसती *वापरणं* हाही भंगच. बनवणं, वापरणं, विकणं, विकायला ठेवणं, आयात करणं, हे सगळं रोखण्याचा हक्क पेटंटधारकाला असतो. म्हणून कंपनीच्या वकिलाला लायब्ररी वापरण्याआधीच चिंता वाटते.

जिफचं उदाहरण घ्या. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये जिफ हा चित्रांचा फॉरमॅट आणला, आतलं आकुंचन (फाइल लहान करणं) एलझेडडब्ल्यू या अल्गोरिदमने. त्या अल्गोरिदमचं अमेरिकन पेटंट युनिसिसकडे होतं. फॉरमॅट सगळीकडे पसरला, शेकडो प्रोग्रामांनी आपापला एनकोडर लिहिला, आणि १९९४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की जिफ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला पेटंटचं लायसन्स लागेल. त्या सगळ्यांचा कोड त्यांचा स्वतःचा होता. कॉपीराइट निर्विवाद त्यांचाच. तरी उपयोग शून्य. त्यातून पीएनजी या पर्यायी फॉरमॅटचा जन्म झाला, १९९५ मध्ये त्यावर काम सुरू झालं. जीझिप हा आकुंचनाचा प्रोग्राम त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, युनिक्सच्या 'कॉम्प्रेस'ची जागा घ्यायला लिहिलं गेलं, तेही याच पेटंटमुळे. अमेरिकेतलं ते पेटंट २० जून २००३ ला संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोच कोड, एक अक्षर न बदलता, तिथे मोकळा झाला.

---

रानवाट

वाचतेय. अर्धविराम, शेवटचं वाक्य फार आवडलं. कोड तोच आणि कायदेशीर स्थिती एका रात्रीत वेगळी!

पडद्यावर अक्षरं काढणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीचीही अशीच गोष्ट. ट्रूटाइप फॉन्टमधल्या हिंटिंगच्या (लहान आकारातही अक्षर नीट दिसावं म्हणून दिलेल्या) सूचना चालवणारा कोड त्यांनी केव्हाच लिहून ठेवला होता, पण ॲपलच्या पेटंटांमुळे तो वर्षानुवर्षं मुळातून बंद ठेवून वाटावा लागला. २०१० मध्ये पेटंटं संपली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत तो चालू झाला. लिनक्सच्या पडद्यावरची अक्षरं त्या सुमारास एकदम नीटस दिसू लागली, ती मला अजून आठवतात. पेटंटला एक्स्पायरी असते आणि ती आधीपासून माहीत असते, हा कॉपीराइटशी तुलना करताना मला फार मोठा फरक वाटतो.

---

तळटीप

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो: लायसन्समधील पेटंटचे कलम नेमके काय देते?

आधी एमआयटी आणि त्याच धर्तीचे बीएसडी. दोन्हींत पेटंट हा शब्दच नाही. एमआयटी लायसन्स सॉफ्टवेअर "वापरणे, नक्कल करणे, बदलणे, एकत्र करणे, प्रकाशित करणे, वाटणे, सबलायसन्स देणे, विकणे" याची मुभा देते. यातील वापरणे आणि विकणे ही क्रियापदे पेटंट कायद्यातील आहेत, त्यामुळे पेटंटची मुभाही यातच गर्भित आहे असा युक्तिवाद अनेक जाणकार करतात. मला तो पटतो. पण गर्भित परवान्याची व्याप्ती किती, तो पुढे फोर्क करणाऱ्याला (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवणाऱ्याला) मिळतो का, कोड बदलल्यावर टिकतो का, हे लायसन्समध्ये लिहिलेले नाही. ते न्यायालय ठरवणार.

अपाची २.० जानेवारी २००४ मध्ये आले. त्यात कॉपीराइटचे कलम २ आणि पेटंटचे कलम ३ असे दोन वेगळे परवाने आहेत. एकाच कागदावर असले तरी ते दोन निराळे परवाने म्हणूनच वाचावेत. कलम ३ प्रमाणे प्रत्येक कॉन्ट्रिब्युटर आपल्या पेटंटांचा कायमचा, जगभराचा, विनामूल्य परवाना देतो. पण सगळ्या पेटंटांचा नव्हे. त्याचे स्वतःचे योगदान, किंवा ते योगदान ज्या प्रकल्पात दिले त्याच्याशी झालेला त्याचा संयोग, यामुळे अपरिहार्यपणे ज्या दाव्यांचा भंग होईल, तेवढ्याच दाव्यांचा. उद्या कुणी त्यात स्वतःचे नवे काही जोडले आणि त्याने त्या कॉन्ट्रिब्युटरच्या दुसऱ्याच पेटंटचा भंग झाला, तर संरक्षण नाही.

त्याच कलमात पुढची अट आहे. हे सॉफ्टवेअर आमच्या पेटंटचा भंग करते असा दावा तुम्ही कुणावरही लावलात, तर या सॉफ्टवेअरपुरते तुम्हाला मिळालेले पेटंटचे परवाने संपले. कॉपीराइटचा परवाना मात्र शाबूत राहतो.

म्हणून उंबरठा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: तुमच्याकडे पेटंट नसेल तर आज तुम्ही काहीच देत नाही. तुम्ही शब्द देता की उद्या या कोडवर तुम्ही पेटंट मिळवलेत तरी ते वापरणाऱ्यांवर उगारणार नाही. आणि तुमच्या नऊ कॉन्ट्रिब्युटरांकडूनही तोच शब्द घेता.

---

शून्यप्रहर

जीपीएल राहिलं, म्हणजे बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारं लायसन्स. १९९१ च्या जीपीएल २ मध्ये पेटंटचा परवाना असा लिहिलेला नाही, पण कलम ७ आहे आणि ते मला आजही सगळ्यात स्वच्छ वाटतं. पेटंटमुळे किंवा इतर कारणाने तुम्ही लायसन्सच्या अटी पाळून कोड वाटू शकत नसाल, तर अजिबात वाटू नका. म्हणजे "मी पेटंटचे पैसे भरले, मी वाटतो, बाकीच्यांचं ते बघतील" असा मार्गच बंद.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्स विकणारी नोव्हेल यांचा करार झाला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेलच्या ग्राहकांवर पेटंटचा दावा लावणार नाही असं म्हटलं. संरक्षण फक्त एका वाटपदाराच्या ग्राहकांना, बाकी सगळे उघड्यावर. लायसन्सच्या शब्दांतून ते निसटत होतं, पण हेतूवर घाव घालत होतं. म्हणून २९ जून २००७ ला आलेल्या जीपीएल ३ मध्ये कलम ११ एवढं लांबलचक आहे. किचकट आहे हे मान्य, पण त्यातला एकेक परिच्छेद कुणीतरी शोधलेली पळवाट बुजवायला आलाय.

अपाचीशी तुलना करताना एक फरक लक्षात घ्या. अपाचीत दावा लावणाऱ्याचा पेटंटचा परवाना जातो. जीपीएल ३ मध्ये प्रोग्रामवर पेटंटचा दावा लावणं हाच लायसन्सचा भंग आहे, त्यामुळे कॉपीराइटचा परवानाही जाऊ शकतो. अपाचीच्या अशा जादा अटींमुळे, जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० चा कोड जीपीएल ३ मध्ये चालतो, जीपीएल २ मध्ये चालत नाही.

---

दवबिंदू

शंका: रिॲक्ट या फेसबुकच्या वेब लायब्ररीच्या लायसन्सवरून २०१७ मध्ये जो गदारोळ झाला, तोही अशाच कलमावरून ना? मग अपाचीचं कलम चांगलं आणि ते वाईट, असं का?

---

तळटीप

कलमाची जात एक, व्याप्ती वेगळी. फेसबुकने रिॲक्ट बीएसडी लायसन्स आणि सोबत पेटंटची वेगळी फाइल अशा जोडीने दिले होते. त्या फाइलप्रमाणे तुम्ही फेसबुकवर कोणत्याही पेटंटचा दावा लावलात, त्याचा रिॲक्टशी काडीचाही संबंध नसला, तरी तुमचा रिॲक्टचा पेटंट परवाना रद्द. अपाचीत परवाना जातो तो त्याच सॉफ्टवेअरवर दावा लावल्यास. एक कलम प्रकल्पाचे रक्षण करते, दुसरे कंपनीचे. जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत ते लायसन्स चालणार नाही असे ठरवले, वर्डप्रेसने रिॲक्ट सोडण्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने रिॲक्ट एमआयटीवर आणले.

---

शून्यप्रहर

इथे मी थोडा वेगळा. एमआयटीवर आल्याचा सगळ्यांना आनंद झाला, पण नीट बघा काय झालं. आधी अटीसकट का होईना, पेटंटचा *लिखित* परवाना होता. नंतर शब्दच गेले, उरला तो गर्भित परवाना. तळटीप यांना गर्भित परवाना पुरेसा वाटतो, मला नाही वाटत. रिॲक्टने सरळ अपाची २.० घ्यायला हवं होतं, असं माझं तेव्हाही मत होतं.

---

तळटीप

पुरेसा वाटतो असे मी म्हटलेले नाही, पटतो म्हटले. ज्याने स्वतः "वापरा आणि विका" असे लिहून दिले, त्याने नंतर वापरल्याबद्दल पेटंटचा दावा लावावा, हे मला न्यायालयात टिकणारे वाटत नाही. मात्र नवीन प्रकल्प सुरू करणाऱ्याने लिखित कलमच घ्यावे, यावर आपले एकमत आहे. एमआयटी-बीएसडीसारखा छोटा मसुदा हवा आणि पेटंटचे कलमही हवे, त्यांच्यासाठी बीएसडी-दोन-कलमी-अधिक-पेटंट नावाचे लायसन्स आहे. ते जीपीएल २ शी जुळावे म्हणूनच लिहिले गेले.

---

रानवाट

सीसी-झिरो या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या हक्क सोडण्याच्या मसुद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. "सगळे हक्क सोडले" म्हणून खूप जण कोडलाही ते लावतात. मी स्वतः तीन रेपोंना (कोडच्या भांडारांना) लावलं होतं. त्याच्या मजकुरात स्पष्ट लिहिलंय की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क *सोडलेले नाहीत*. म्हणजे एमआयटीत पेटंटबद्दल मौन आहे म्हणून गर्भित परवान्याचा युक्तिवाद तरी करता येतो. इथे देणाऱ्याने दारच लावून घेतलंय. याच कारणाने फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये नव्या कोडसाठी सीसी-झिरो नाकारायचं ठरवलं. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण माझा हेतू सगळं देण्याचा होता आणि निवडलेल्या कागदात नेमकं एक राखून ठेवलं होतं. त्याच दिवशी तिन्ही रेपोंचं लायसन्स बदललं.

---

अर्धविराम

रानवाट, अगदी महत्त्वाचं लिहिलंत.

आता एक खटला, ज्यात आपले दोन्ही हक्क एकमेकांसमोर उभे राहिले. जेकबसन विरुद्ध कॅट्झर. रॉबर्ट जेकबसन हे मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या जेएमआरआय या ओपन सोर्स प्रकल्पाचे एक प्रमुख विकसक. मॅथ्यू कॅट्झर यांची कंपनी त्याच क्षेत्रातलं व्यावसायिक सॉफ्टवेअर विकायची, आणि तिच्याकडे पेटंट होतं. त्यांनी जेकबसन यांच्याकडे पेटंटच्या लायसन्सचे पैसे मागायला सुरुवात केली. कोड फुकट वाटणारा माणूस, आणि त्याच्या हातात बिल.

जेकबसन यांनी २००६ मध्ये स्वतःच न्यायालयात जाऊन, हे पेटंट रद्दबातल ठरवा, अशी मागणी केली. पुढे लक्षात आलं की कॅट्झर यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जेएमआरआयच्या डीकोडर फाइल उचललेल्या आहेत, लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी काढून टाकून. म्हणजे पेटंटचं बिल पाठवणाऱ्यानेच कॉपीराइट मोडला होता. प्रश्न आला की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग की नुसता करारभंग? फेडरल सर्किटने ऑगस्ट २००८ मध्ये निकाल दिला: या अटी लायसन्सच्या शर्ती आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंगच. आपण सगळे ज्या लायसन्सांवर विसंबतो, त्यांना अमेरिकेत मिळालेला हा मोठा आधार. फेडरल सर्किट हे पेटंटची अपिलं ऐकणारं न्यायालय. पेटंटच्या वादातून सुरुवात झाली म्हणून कॉपीराइटचा हा प्रश्न तिथवर पोचला. कॅट्झर यांनी पेटंटवरचा दावा सोडून दिला, २०१० मध्ये तडजोड झाली.

मला यातून लायसन्सची मर्यादा दिसते. जेएमआरआयच्या लायसन्समध्ये जगातलं सर्वोत्तम पेटंट कलम असतं, तरी कॅट्झर यांचं बिल आलंच असतं. कारण ते कॉन्ट्रिब्युटर नव्हते. लायसन्स त्यालाच बांधतं ज्याने काहीतरी दिलंय.

---

दवबिंदू

अर्धविराम, हेच विचारायचं होतं! म्हणजे बाहेरच्या तिसऱ्या माणसाचं पेटंट असेल तर अपाची, जीपीएल ३, काहीच कामाचं नाही?

---

अर्धविराम

त्याच्यापुरतं नाही. कॉपीराइटमध्ये कोडचे सगळे मालक रेपोच्या इतिहासात दिसतात, कारण मालकी लिहिण्यातून येते. पेटंटचा मालक इतिहासात कुठेच नसू शकतो. त्याने तुमचा रेपो उघडलेलाही नसेल.

त्या बाजूचे उपाय लायसन्सच्या बाहेरचे आहेत. ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क २००५ मध्ये सुरू झालं. सभासद एकमेकांना लिनक्सशी निगडित ठरावीक सॉफ्टवेअरसाठी आपली पेटंटं मोफत खुली करतात. २००९ मध्ये फॅट फाइलप्रणालीच्या पेटंटांवरून टॉमटॉमवर दावा लावणारी मायक्रोसॉफ्टच ऑक्टोबर २०१८ मध्ये ६०,००० पेटंटांसह त्यात सामील झाली. पण पेटंटवर केवळ दावे लावून जगणाऱ्या, स्वतः काहीच न बनवणाऱ्या संस्थेला अशा जाळ्यात येण्याची गरज वाटत नाही. २०१९ मध्ये अशाच एका संस्थेने शॉटवेल या फोटो प्रोग्रामवरून ग्नोम फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेवर दावा लावला. ग्नोमने पैसे देऊन सुटका करून घेण्याऐवजी लढायचं ठरवलं, लोकांनी वर्गणी दिली, आणि मे २०२० मध्ये तडजोड झाली ती अशी की मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सखाली असलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर ती संस्था आपल्या पेटंटांचा दावा लावणार नाही. एका प्रकल्पाने नकार दिला आणि सगळ्यांना संरक्षण मिळालं. मला ती बातमी वाचून खरोखर भरून आलं होतं.

आणि पेटंट देशापुरतं असतं हे विसरू नका. युरोपच्या पेटंट कराराचं कलम ५२ आणि भारताच्या कायद्याचं कलम ३(के) प्रोग्रामला "प्रोग्राम म्हणून" पेटंट देत नाहीत, अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर अमूर्त कल्पना कंप्युटरवर चालवून दाखवण्याला पेटंट मिळणं अवघड झालं. तरी तांत्रिक परिणाम दाखवून मिळालेली पेटंटं सगळीकडे आहेत. ध्वनीचं एन्कोडिंग हे त्यातलं जुनं रणांगण. एमपी३ चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद होईपर्यंत अनेक लिनक्स वितरणं एमपी३ साठी आपल्या डिस्कवर जागा देत नव्हती. उंबरठा, तुमची लायब्ररी कोणते फॉरमॅट हाताळते ते एकदा बघा.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात प्रत्यक्ष काम करत होतो.

फॉरमॅट तपासले. माझ्या यादीत आता पेटंटखाली असल्याचं माहीत असलेलं काही नाही. एकाबद्दल शंका होती, तो वेगळ्या प्लगिनमध्ये काढला.

अपाची २.० वर जायचं ठरवलंय. मला आधी वाटलं होतं की मूळ कोड एमआयटी असल्यामुळे मी एकटाही हे करू शकतो. कॉपीराइटपुरतं ते खरं आहे, जुन्या एमआयटी नोटिसा ठेवून पुढचं काम अपाचीखाली वाटता येतं. पण त्या कंपनीला हवा होता पेटंटचा शब्द, आणि नऊ जणांच्या वतीने तो शब्द मी देऊ शकत नाही. ज्याचा हक्क, त्यानेच द्यायचा. म्हणून नऊही जणांना पत्रं लिहिली.

सात जणांनी आठवड्याच्या आत होकार दिला. आठव्याचा ईमेल परत आला. त्याचा पॅच चाळीसेक ओळींचा आहे, तो पुसून पुन्हा लिहावा असं मनात आलं, अर्धा लिहूनही झाला. मग हात थांबला. पुन्हा लिहून मी कॉपीराइटचा प्रश्न सोडवत होतो, जो मुळात नव्हताच. युक्ती तीच राहिली तर पेटंटचा प्रश्न जिथल्या तिथे. महिन्यापूर्वी मला हे कळलंच नसतं. तो भाग तसाच ठेवलाय आणि त्याच्या पॅचवर पेटंटचा लिखित परवाना नाही, हे रेपोत स्पष्ट नोंदवलंय.

नववी व्यक्ती एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहे. तिने होकार दिला, पण सोबत विचारलं, "माझ्या होकाराने माझ्या कंपनीची पेटंटं बांधली जातात का?" याचं उत्तर मला सापडत नाहीये.

---

तळटीप

नाही, बांधली जात नाहीत. अपाचीतील कॉन्ट्रिब्युटर म्हणजे ज्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या वतीने योगदान आले ती. तिने स्वतःच्या नावाने दिले असेल तर तिची पेटंटे, आणि नोकरदाराची पेटंटे बहुधा कंपनीच्या नावावर असतात. म्हणूनच अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन व्यक्तीसाठी एक आणि कंपनीसाठी एक असे दोन वेगळे करारनामे ठेवते. तिला विचारा की तो पॅच कामाच्या वेळेत, कामाचा भाग म्हणून लिहिला होता का. तसे असेल तर त्या कोडचा कॉपीराइटही कंपनीचा असण्याची शक्यता आहे, आणि मग सही कंपनीकडूनच हवी. अशा वेळी दोन्ही हक्कांची परवानगी एकाच पत्रात मागा, पण दोन वेगळी वाक्ये लिहा.

---

उंबरठा (धागाकर्ता)

कामाच्या वेळेतच लिहिला होता, आत्ताच विचारून घेतलं. तिच्या कंपनीच्या कायदा विभागाला पत्र लिहायला बसतोय. मसुदा झाला की इथे टाकतो, दोन वाक्यं वेगळी झालीत का ते बघा.